पावसाच्या सरीत वाढलेली मोजणी आणि अवकाशात पकडला जाणारा गॅमा किरण स्फोट

नागपुरातील एका विज्ञान शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा आहे. महाल भागातील त्यांच्या शाळेच्या गच्चीवर विद्यार्थ्यांनी जून महिन्यात किरणोत्सार मोजणारा एक गायगर काउंटर बसवला होता. एरवी त्यावर मिनिटाला सरासरी २५ नोंदी होत. एका संध्याकाळी मात्र सलग वीस मिनिटे ही सरासरी ३१ वर गेली आणि नंतर हळूहळू पूर्ववत झाली. हा गॅमा किरण स्फोट, म्हणजे अतिदूरच्या ताऱ्यांच्या अंतातून येणारा गॅमा किरणांचा अल्पकाळ टिकणारा झोत, असू शकतो का, नसल्यास का नाही, आणि असा स्फोट कधी व कुठल्या दिशेने येणार हे कोणालाच ठाऊक नसताना अवकाशातील दुर्बिणी तो पकडतात तरी कशा, असे त्यांनी विचारले आहे. प्रश्नाच्या शेवटी, जवळजवळ ओझरते, त्यांनी हेही नोंदवले आहे की त्याच सुमारास पावसाची जोरदार सर येऊन गेली होती.

मॅडम, आपण ते शेवटचे वाक्य लिहिले नसते तर मला दोन-तीन उलट प्रश्न विचारावे लागले असते. आपल्या विद्यार्थ्यांना दिसलेली वाढ खरी आहे, पण तो गॅमा किरण स्फोट नव्हता. हवेत रेडॉन वायू नेहमीच थोडा असतो. तो जमिनीतील युरेनियमच्या क्षयसाखळीतून बाहेर पडतो, आणि त्याच्या क्षयातून तयार होणारे शिसे-२१४ व बिस्मथ-२१४ हे अणू धूलिकणांना आणि ढगांतील थेंबांना चिकटतात. पाऊस त्यांना धुऊन खाली आणतो आणि ते गच्चीवर पसरतात. शिसे-२१४ चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू क्षय पावण्यास लागणारा वेळ, सुमारे २७ मिनिटांचा आणि बिस्मथ-२१४ चा सुमारे २० मिनिटांचा आहे, म्हणूनच सर थांबल्यावर मोजणी अर्ध्या-एक तासात उतरते. मोठ्या उन्हाळ्यानंतर येणाऱ्या पहिल्या सरींमध्ये हे नेहमी दिसते. तरुणपणी प्रयोगशाळेत काम करताना मीही अशाच एका सरीला दोन दिवस काहीतरी वेगळेच समजत होतो.

आता यातील आकडेमोडीकडे पाहू, कारण पुढचे सर्व विवेचन त्यावरच उभे आहे. किरणोत्सारी नोंदी ठरावीक अंतराने येत नाहीत. सरासरी २५ असेल तर प्रत्यक्ष आकडा त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे पाचाने, सहज वरखाली होतो. त्यामुळे एकाच मिनिटात ३१ नोंदी झाल्या तर त्यात काहीही विशेष नाही. परंतु वीस मिनिटांची बेरीज घेतली तर अपेक्षा ५०० ची, तिचे वर्गमूळ सुमारे २२, आणि प्रत्यक्ष बेरीज ६२० येते. ही वाढ वर्गमुळाच्या पाचपटीहून अधिक आहे आणि निव्वळ योगायोगाने ती होणे अत्यंत दुर्मीळ आहे. म्हणजे ‘काहीतरी घडले’ असे म्हणण्याचा विद्यार्थ्यांना पूर्ण अधिकार आहे. मात्र ‘काहीतरी घडले’ येथून ‘अमुक घडले’ येथपर्यंतचा रस्ता फार लांब असतो, आणि माझ्या व्यवसायातील बहुतेक कष्ट याच रस्त्यावर खर्ची पडतात. उपग्रहावरील उपकरणाला गॅमा किरण दिसणे अवघड नाही, ते त्याला अखंड दिसतच असतात. त्यांपैकी कोणती वाढ स्फोटाची नाही हे ओळखणे अवघड असते.

जमिनीवरून हे का जमत नाही, ते आधी सांगतो. आपल्या डोक्यावरची हवा वजनाने सुमारे दहा मीटर खोल पाण्याइतकी आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर उंचीवर असल्याने यात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. दहा लक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण साधारण ११ सेंटीमीटर पाण्याच्या वजनाएवढ्या हवेत निम्मे होतात, म्हणजे दहा मीटरमध्ये ते सुमारे नव्वद वेळा निम्मे होतील. दोनाचा नव्वदावा घात म्हणजे एकावर सत्तावीस शून्ये इतकी संख्या. एखाद्या तेजस्वी स्फोटातून पृथ्वीजवळ दर चौरस सेंटीमीटरला काहीशे फोटॉन येतात. तेवढे फोटॉन पृथ्वीच्या संपूर्ण थाळीवर पडले असे धरून मी गुणाकार केला, तेव्हा एकावर वीस शून्यांच्या आसपासचा आकडा आला. याचा अर्थ अखिल पृथ्वीवर कोठेही, त्यातला एक फोटॉनसुद्धा आपल्या मूळ ऊर्जेनिशी जमिनीला लागत नाही. काउंटर शाळेच्या गच्चीवर ठेवला काय किंवा रामटेकच्या गडावर नेला काय, उत्तर तेच राहील. अतिप्रचंड ऊर्जेच्या गॅमा किरणांची गोष्ट निराळी आहे. ते वातावरणात कणांचा वर्षाव घडवतात, आणि त्या वर्षावाचा मंद निळा प्रकाश लडाखमधील हानले येथील ‘मेस’सारख्या दुर्बिणी टिपतात. पण तो मार्ग मोजक्याच स्फोटांपुरता उपयोगी पडतो.

हे स्फोट सापडले तेही दुसरेच काही शोधताना. १९६३ च्या करारानुसार वातावरणात व अवकाशात अणुचाचण्या करण्यास बंदी आली, आणि कोणी ती चोरून मोडत नाही ना, हे पाहण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह एक लाख किलोमीटरहून अधिक उंचीवर जोडीजोडीने सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी एक गॅमा स्पंद नोंदवला, आणि त्याचा आकार अणुस्फोटासारखा नव्हता. पुढे अमेरिकेच्या लॉस अ‍ॅलॅमॉस प्रयोगशाळेतील रे क्लेबेसाडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या वेला उपग्रहांपर्यंत स्पंद पोहोचण्याच्या वेळांतील सूक्ष्म फरक मोजला, आणि या स्पंदांचा उगम पृथ्वीवर किंवा सूर्यावर नाही हे दाखवून १९७३ साली अशा सोळा घटना प्रसिद्ध केल्या. ते स्पंद काय आहेत हे त्यांना सांगता येत नव्हते, फक्त काय नाहीत एवढेच सांगता येत होते, आणि तेवढ्यावरच एका नव्या शाखेचा पाया घातला गेला.

आता उपकरणाकडे वळू. ‘दुर्बीण’ हा शब्द येथे थोडा फसवा आहे. या ऊर्जेचे गॅमा किरण भिंगाने वळत नाहीत आणि साध्या आरशावरून परावर्तितही होत नाहीत, ते पदार्थात शिरतात किंवा आरपार जातात. म्हणून येथे प्रतिमा पाडण्याऐवजी किरण अडवणारा जड स्फटिक वापरावा लागतो. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात गॅमा फोटॉन अडला की क्षणभर दृश्य प्रकाशाची चकाकी उमटते, आणि तिच्या तेजावरून फोटॉनची ऊर्जा कळते. कॅडमियम-झिंक-टेल्युराइड या अर्धवाहकात त्याऐवजी थेट विद्युतभार गोळा होतो. आपल्या गायगर नळीशी तुलना केली तर फरक लक्षात येईल. नळीतून जाणाऱ्या शंभर गॅमा किरणांपैकी जेमतेम एखादाच तिला कळतो, आणि त्याची ऊर्जा किती होती हे ती सांगूच शकत नाही.

कक्षेत हा स्फटिक शांत बसलेला नसतो. विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, त्याच्यावर आदळत असतात, उपग्रहाच्या स्वतःच्या धातूतून दुय्यम गॅमा किरण निघत असतात, पृथ्वीचे वातावरणही गॅमा किरणांत उजळलेले असते, आणि संपूर्ण आकाशातून पसरलेला एक मंद झोत सतत येत असतो. समजा या सगळ्यांची मिळून सेकंदाला ४०० नोंदींची पार्श्वभूमी आहे. तिचे वर्गमूळ २०. सरासरीपेक्षा या विसाच्या तीनपट वाढ झाली की घंटा वाजवायची असे ठरवले, तर निव्वळ योगायोगाने ती दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत सुमारे ११७ वेळा वाजेल. पाचपटीचा निकष लावला तर खोटी घंटा चाळीस दिवसांतून एखाद्या वेळी वाजेल. मात्र स्फोट एका सेकंदाचाच असेल असे कोणी सांगितले आहे? तो काही सहस्रांश सेकंदांचा असतो तसा काही मिनिटांचाही असतो. म्हणून उपग्रहावरचा संगणक अनेक कालमापांवर आणि अनेक ऊर्जापट्ट्यांत एकाच वेळी पाहत राहतो, आणि जितक्या ठिकाणी पाहावे तितकी योगायोगाला संधी वाढते. यावरचा उतारा म्हणजे साक्षीदार वाढवणे. २००८ मध्ये सोडलेल्या फर्मी उपग्रहावरील स्फोट-निरीक्षकात सोडियम आयोडाइडचे बारा आणि बिस्मथ जर्मेनेटचे दोन शोधक निरनिराळ्या दिशांना तोंड करून बसवले आहेत, आणि किमान दोन शोधकांनी एकाच वेळी ठरावीक मर्यादा ओलांडल्याखेरीज तो इशारा देत नाही. हा निरीक्षक वर्षाला सुमारे २४० स्फोट नोंदवतो.

योगायोग वगळल्यानंतरही खऱ्या, पण भलत्याच, घटना उरतात. आपल्या पावसाच्या सरीची भावंडे म्हणावीत अशा घटना कक्षेत बऱ्याच आहेत. सौरज्वाला कमी ऊर्जेकडे झुकलेली असते आणि सूर्याच्याच दिशेने येते, म्हणून ती ओळखता येते. दक्षिण अटलांटिकवर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कमकुवत आहे आणि कणांचा पट्टा खाली उतरलेला आहे. तेथून जाताना अनेक उपकरणांचा उच्च विद्युतदाब उतरवून ठेवावा लागतो, आणि त्या वेळेत येणारा स्फोट सरळ हातचा जातो. पृथ्वीआडून एखादा तेजस्वी क्ष-किरण तारा वर आला की मोजणी पायरीसारखी चढते. एकच विश्वकिरण अर्धवाहकातील शेजारशेजारच्या अनेक पिक्सेलना एकाच वेळी जागे करतो, आणि असे झुबके काढून टाकल्याशिवाय आलेखावर बोटसुद्धा ठेवू नये असे मी नव्या विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. या यादीत माझी सर्वांत आवडती नोंद मात्र आपल्या विजांची आहे. मेघगर्जनेच्या ढगांतून वर फेकले जाणारे, एक सहस्रांश सेकंदाहूनही लहान गॅमा स्पंद कॉम्प्टन या अवकाश वेधशाळेवरील ‘बॅट्से’ या उपकरणाला आढळले, आणि १९९४ मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध झाली. ताऱ्यांचे मृत्यू पाहण्यासाठी पाठवलेल्या उपकरणाने वळवाच्या ढगांतले रहस्य दाखवावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

आपला दिशेविषयीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. दिशा काढण्याच्या मुख्य रीती तीन आहेत, आणि त्यांपैकी एक आपल्या विद्यार्थ्यांनी आधीच वापरली असेल. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने मे महिन्याच्या अखेरीस आपल्याकडे शून्य सावली दिवस येतो, आणि मुले काठी उभी करून भरदुपारी तिची सावली नाहीशी होताना पाहतात. सूर्याकडे न पाहता केवळ सावलीवरून सूर्य कुठे आहे हे सांगता येते, एवढेच तत्त्व येथे कामी येते. शोधकांच्या वर शिशाच्या तुकड्यांची, मुद्दाम अनियमित छिद्रे ठेवलेली जाळी बसवतात. तिला कोडेड मास्क म्हणतात. स्फोटाचे किरण आले की या जाळीची सावली खालच्या शोधकांवर पडते आणि स्रोताच्या दिशेनुसार ती सरकते. नक्षी अनियमित असल्यामुळे प्रत्येक दिशेची सावली वेगळी असते, आणि संगणक तिच्यावरून दिशा उलगडतो. २० नोव्हेंबर २००४ रोजी सोडलेल्या स्विफ्ट उपग्रहावरील जाळीत शिशाचे सुमारे ५२,००० तुकडे असून तिच्याखाली ३२,७६८ शोधक आहेत. ती आकाशाच्या साधारण नवव्या भागावर नजर ठेवते आणि काही सेकंदांत स्फोटाची दिशा काही कलांच्या (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आत सांगते. मग उपग्रह स्वतःच त्या दिशेला वळतो आणि बहुधा दीड मिनिटाच्या आत आपली क्ष-किरण आणि दृश्य-अतिनील दुर्बीण तिकडे रोखतो. जमिनीवरच्या कोणाचीही परवानगी घेण्यात तो वेळ दवडत नाही, आणि माझ्या मते स्विफ्टच्या यशाचे निम्मे श्रेय या एका निर्णयाला जाते.

दुसरी रीत फर्मीची आहे. त्याला जाळी नाही. ज्या शोधकाचे तोंड स्फोटाकडे असते त्यावर जास्त नोंदी येतात, तिरक्या शोधकावर कमी येतात, आणि पाठमोऱ्यावर जवळजवळ येतच नाहीत. या प्रमाणांवरून दिशा काढता येते, पण तिच्यात काही अंशांची चूक राहते. पूर्ण चंद्र आकाशात अर्ध्या अंशाएवढा दिसतो, त्यावरून या चुकीचा आवाका ध्यानात येईल. त्या बदल्यात पृथ्वीने झाकलेला सुमारे तीस टक्के भाग सोडून उरलेले सगळे आकाश एकाच वेळी नजरेत राहते. बारकाई आणि व्याप्ती या दोन्ही गोष्टी एकाच उपग्रहाकडून मिळत नाहीत, म्हणून दोन्ही प्रकारचे उपग्रह लागतात.

तिसरी रीत वेलाचीच, पण मोठ्या अंतरांवर वापरलेली. एकच स्पंद दोन यानांना किती फरकाने पोहोचला हे मोजले की आकाशात एक वर्तुळाकार पट्टा मिळतो, आणि तिसरे यान असेल तर दोन पट्टे एकमेकांना छेदतात. प्रकाश एका सहस्रांश सेकंदात तीनशे किलोमीटर जातो. पृथ्वीलगतच्या दोन उपग्रहांमध्ये हा फरक जास्तीत जास्त पाऊण दशांश सेकंदाच्याही आतच राहतो, पण मंगळाकडे किंवा बुधाकडे गेलेल्या यानाशी तो काही मिनिटांचा होतो आणि पट्टा अगदी अरुंद होतो.

आपल्या देशाच्या उपग्रहाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्याची गंमत वेगळी आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर कॅडमियम-झिंक-टेल्युराइड इमेजर, म्हणजे सीझेडटीआय, हे उपकरण आहे. मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयुका या संस्थांचा त्यात मोठा वाटा आहे. ६४ फलक आणि प्रत्येकावर २५६ पिक्सेल, असे त्यात एकूण १६,३८४ पिक्सेल आहेत. त्याचे नेमून दिलेले दृष्टिक्षेत्र फक्त पाच-एक अंशांचे आहे. परंतु सुमारे शंभर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर त्याच्या भिंती गॅमा किरणांना पारदर्शक होऊ लागतात, आणि मग जवळजवळ सगळ्या आकाशातले स्फोट त्याला भिंतीआडून दिसतात. उपकरण सुरू झाले त्याच दिवशी, ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, त्याने पहिला स्फोट टिपला, आणि २०२३ अखेरपर्यंत ही संख्या सहाशेच्या पुढे गेली. एका पिक्सेलमध्ये विखुरलेला फोटॉन शेजारच्या पिक्सेलमध्ये शोषला जातो, तेव्हा तो कोणत्या बाजूला विखुरला हे मोजून स्फोटाच्या प्रकाशाचे ध्रुवीकरणही, म्हणजे त्याच्या लहरी कोणत्या दिशेत कंप पावतात हेही, काढता येते. हे मोजमाप फार थोड्या उपकरणांना जमते, आणि ज्याला आपण उणीव मानली असती त्या पारदर्शक भिंतींमुळेच ते येथे शक्य झाले.

१७ ऑगस्ट २०१७ चा प्रसंग या सगळ्या रीती एकत्र कशा येतात ते दाखवतो. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवरच्या उपकरणांना जाणवल्या, आणि त्यानंतर १.७ सेकंदांनी फर्मीला दोन सेकंदांचा एक अशक्त गॅमा स्पंद दिसला. एरवी त्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिलेही नसते. उगमस्थान निघाले सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांवरील एनजीसी ४९९३ ही दीर्घिका. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या दृष्टीने तो भाग त्या क्षणी पृथ्वीआड होता, त्यामुळे त्याला काहीच दिसले नाही. पण ‘दिसले नाही’ हीसुद्धा दिशेबद्दलची माहिती असते, आणि शोधाचे क्षेत्र आक्रसण्यासाठी तिचा उपयोग झाला.

दोन सेकंदांहून लांब स्फोट अवाढव्य ताऱ्यांच्या कोसळण्यातून आणि त्याहून लहान स्फोट अशा विलीनीकरणांतून होतात, असे पाठ्यपुस्तकात वाचायला मिळते. साधारण चित्र म्हणून ते ठीक आहे. मात्र डिसेंबर २०२१ मधील एक स्फोट चांगला लांबलचक असूनही विलीनीकरणाच्या खुणा दाखवून गेला, तेव्हा विद्यार्थ्यांना ही सीमारेषा काटेकोर म्हणून शिकवू नये अशी विनंती.

उलट टोकाची अडचणही सांगण्यासारखी आहे. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी आलेला स्फोट आजवर नोंदलेल्या स्फोटांत सर्वांत तेजस्वी ठरला. सुमारे २.४ अब्ज प्रकाशवर्षे अंतरावरून येऊनही त्याने फर्मीचे शोधक भरून टाकले. एक फोटॉन मोजून संपण्याच्या आत पुढचे इतके येत होते की मोजणीच कोलमडली. त्याचे शिखर नीट मोजणाऱ्यांत दहा सेंटीमीटर बाजूचा एक चिमुकला घनाकृती उपग्रह होता. शोधक लहान असल्याने तो भरून गेला नाही.

याच स्फोटाने आपल्या प्रश्नाच्या एका भागाला वेगळे उत्तर दिले आहे. किरण जमिनीपर्यंत आले नाहीत, पण वातावरणाच्या वरच्या थरात शोषले जाताना त्यांनी आयनांबर, म्हणजे तेथील विद्युतभारित थर, ढवळून काढला, आणि त्यातून जाणाऱ्या अतिनिम्न वारंवारतेच्या रेडिओ संदेशांत फरक पडला. १९८३ मधील एका स्फोटाच्या बाबतीतही असाच परिणाम आढळला होता. तेव्हा नागपुरातून असा स्फोट कधीकाळी टिपायचाच असेल तर गायगर काउंटरपेक्षा तारेचे मोठे वेटोळे आणि साधा रेडिओ ग्राहक अधिक कामाचा ठरेल. इतके तेजस्वी स्फोट फार विरळा येतात, पण सौरज्वालांचे धक्के त्याच ग्राहकावर पुष्कळ वेळा दिसतील आणि मुलांचा हात बसेल.

उपलब्ध नोंदींवर काम करणे मात्र आजच शक्य आहे. फर्मीच्या स्फोट-निरीक्षकाच्या नोंदी, प्रत्येक फोटॉनच्या वेळेसह, कोणालाही मोफत उतरवून घेता येतात. १७ ऑगस्ट २०१७ ची फाइल घ्यावी, स्फोटाची वेळ विद्यार्थ्यांना सांगू नये, आणि बारा शोधकांचे आलेख त्यांच्यापुढे ठेवावेत. नोंदी एका सेकंदाच्या गठ्ठ्यांत बांधल्या तर काय दिसते, पाव सेकंदाच्या गठ्ठ्यांत काय दिसते, आणि कोणत्या शोधकांत स्पंद दिसतच नाही, हे त्यांना स्वतः शोधू द्यावे. कोणता आकडा ओलांडला म्हणजे ‘सापडला’ म्हणायचे हे त्यांनी आलेख पाहण्याआधी ठरवून वहीत लिहिणे आवश्यक आहे. नंतर ठरवलेला निकष नेहमीच सोयीचा निघतो.

गायगर काउंटरलाही एक काम देतो. पुढची जोराची सर थांबली की गच्चीवर उघड्यावर ठेवलेला स्टीलचा ओला पत्रा टिपकागदाने पुसून घ्यावा, कागद नळीच्या अगदी जवळ ठेवावा आणि दोन तास दर पाच मिनिटांची बेरीज लिहावी. त्यातून १२५ ची (मिनिटाला २५ प्रमाणे पाच मिनिटांची) पार्श्वभूमी वजा केल्यावर मोजणी साधारण अर्ध्या तासात निम्मी होत गेली, तर जूनमधला पाहुणा रेडॉनच्याच घराण्यातला होता याची खात्री पटेल. कोरड्या दिवशी, त्याच पत्र्यावर नळाचे पाणी शिंपडून, तोच प्रयोग पुन्हा करायला विसरू नये.